गाडी नक्की कुठली?

मागच्या वीकांताला आमच्या घरी छोटंसं महायुद्ध झालं. विषय: पहिली गाडी. माझा डोळा जीप कंपासवर, आणि बाबांचं एकच पालुपद, "घ्यायची तर आपली घे. टाटाची नेक्सॉन घे." बाबांनी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ३० वर्षं लेथ चालवली आहे. त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत त्यांच्या "आपली"पुढे माझं फारसं चालत नाही.

इंजिनियर माणूस वादात हरायला लागला की डेटा शोधतो. मीही शोधला. आणि काय सापडावं? या दोन्ही गाड्या एकाच कारखान्यात बनतात! रांजणगावला, आपल्या महागणपतीच्या गावात. टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतला हा कारखाना. कंपास तिथे २०१७ पासून बनते आणि तिथूनच जपान, ऑस्ट्रेलियालाही गेली आहे.

मग काय, डोक्यात किडा शिरला. सुझुकी जपानी ना? पण तिची फ्रॉन्क्स २०२४ पासून भारतातून जपानला जाते. मारुतीची ग्रँड व्हिटारा टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यात बनते, तर टोयोटाची ग्लान्झा म्हणजे मारुतीचीच बलेनो. एमजी हे नाव इंग्लंडचं, मालक चीनचे, इथे भागीदार जिंदाल, आणि कारखाना गुजरातेत हालोलला, तोही पूर्वी जनरल मोटर्सचा! लँड रोव्हर २००८ पासून टाटांची, म्हणजे "आपली". पण तिची डिफेंडर बनते स्लोव्हाकियात, नित्रा नावाच्या गावात.

यावर एक सोपी युक्तीही सापडली. प्रत्येक गाडीला १७ अक्षरा-आकड्यांचा नंबर असतो. जपानी गाडीचा जे-ने सुरू होतो, जर्मन गाडीचा डब्ल्यू-ने. भारताच्या वाट्याला आलेल्या अक्षरांत एमए ते एमई आहेत. म्हणजे इथे बनलेली गाडी एम.ए. असू शकते, किंवा थेट एम.ई. :)

हे सगळं मी विजयी मुद्रेने बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि विचारलं, "तिथे बनवतात की नुसती जोडतात?"

झालं! माझ्या डेटात या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं. रेंज रोव्हर २०२४ पासून पुण्यात तयार होते खरी, पण इंग्लंडहून येणाऱ्या किटची जुळणी करून. अशा गाडीला पुण्याचा कामगार लागतो, पण भोसरीचा लेथ लागतोच असं नाही.

मग बाबांनी एक गोष्ट सांगितली. मी आठवीत असताना त्यांच्या वर्कशॉपला एका मोठ्या कंपनीकडून बुशचं काम यायचं. गाडी इथेच बनत होती, बोनेटवरचं नावही देशीच होतं. पण तो पार्ट बाहेरून स्वस्त मिळायला लागला आणि काम थांबलं. आठ महिने बाबांनी अर्ध्या पगारावर काढले. त्या वर्षी माझी सहल रद्द झाली होती. मला कारण सांगितलं होतं, "पावसाचे दिवस आहेत, नको जाऊस."

इतकी वर्षं मला वाटत होतं की बाबांचं "आपली" म्हणजे झेंडा वगैरे. ते तर साधा हिशेब मांडत होते. बोनेटवरचं नाव मालक सांगतं, नंबर देश सांगतो. आतला बुश कुणी कातला, हे दोन्हीतून कळत नाही. आणि घर चालतं ते त्या बुशवर.

असो. गाडी अजून ठरलेली नाही. येत्या शनिवारी आम्ही दोघं शोरूमला जाणार आहोत. मी सेल्समनला मायलेज विचारीन. बाबा काय विचारतील ते तुम्हाला कळलंच असेल. बिचारा सेल्समन!