टेकडीवरची जर्मन शिकवणी

भांडुप हे काही हवापालटाला जाण्याचे ठिकाण नव्हे! तरी परवा मी गेलो. पश्चिमेला टेकडीच्या चढावर, एका चाळीत माझी बहीण राहते. एके काळी या घरातला दिवस कारखान्याच्या भोंग्यावर उगवायचा. आता भोंगा नाही, यजमानही नाहीत.

दारातच भाचीचा आवाज आला. भाषा अगम्य! "मामा, जर्मन आहे," ती हसली.

तीन वर्षांचा जी.एन.एम. डिप्लोमा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, सारे तिच्याजवळ आहे. २०२४ साली महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तिने हा ध्यास घेतलेला. तिथे पूर्ण परिचारिका व्हायला साधारणतः भाषेची बी-२ परीक्षा लागते. डिप्लोमा तिथल्या शिक्षणाशी ताडून पाहतात. उणे पडेल ते शिकून किंवा परीक्षा देऊन भरून काढायचे. तोवर मदतनीस! इंग्लंडची वाट निराळी: इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची चाचणी आणि तिकडे गेल्यावर प्रात्यक्षिक.

"एक दलाल आला होता," बहीण म्हणाली. "पाटल्या मोडायला निघाले होते मी. हिनेच त्याला वाटेला लावलं."

चहा घेताना बहिणीने हळूच विचारले, "दुखणं, याला काय म्हणतात गं तिकडे?"

"श्मेर्त्सन."

बहिणीने तो शब्द दोनदा घोकला. हात नकळत गुडघ्यावर गेला होता. भाचीने पुस्तक मिटले आणि ती तेलाची वाटी आणायला उठली.

परक्या म्हाताऱ्यांचे भाग्य थोर! पण या गुडघ्याला तेल कोण लावणार, ते मात्र कोणत्याच करारात लिहिलेले नाही.