ग्रॉसवर की इन-हँडवर?

ऑगस्ट 2019. माझा पहिला पगार झाला, 27,400 रुपये. बँकेचा मेसेज आला तेव्हा मी घाटकोपर स्टेशनला मेट्रोतून उतरून लोकलच्या पुलाकडे चालले होते. त्या गर्दीतही कडेला थांबून तो दोनदा वाचला. घरी येऊन मम्मीला फोन दाखवला. तिने चष्मा लावला, आकडा नीट बघितला आणि म्हणाली, "छान. हा पूर्ण मंडळीत जाईल."

"पूर्ण?"

"पहिलं फळ आहे ते. पुढच्या महिन्यापासून दशांश."

मी मनात शूज, हेडफोन आणि कॉलेजच्या ग्रुपला द्यायची पार्टी असं सगळं मांडून ठेवलं होतं. पण आमच्या घरात या विषयावर वाद नसतो. पप्पा गेले त्या महिन्याचंही पाकीट मम्मीने भरलं होतं.

दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला. आमचं मूळ घर नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813मध्ये मुंबईत उतरले आणि 1831मध्ये नगरला पोचले. आमच्यासारखी बरीच घरं त्या ओळखीतून ख्रिस्ती झाली. पुढच्या पिढ्या नोकरीसाठी मुंबईला आल्या, भायखळा, परळ करत घाटकोपर, मुलुंडपर्यंत सरकल्या. उपासना मराठीत, 'सलाम' मराठीत आणि अर्पणाचं पाकीटही मराठीत. पाकिटावर नाव, महिना, रक्कम. मम्मी महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होती. पगार झाला की किराण्याच्या आधी ते पाकीट भरायचं आणि बायबलमध्ये ठेवायचं. लहानपणी मला वाटायचं की बायबल जाड असतं ते पाकिटं ठेवता यावीत म्हणूनच.

मी पाकीट वापरत नाही. दर महिन्याच्या 1 तारखेला मंडळीच्या खात्यावर ऑटो-ट्रान्सफर लावून ठेवलाय. त्यासाठी एक शीट केली, आणि शीट केली की प्रश्न सुरू होतात. दहा टक्के ग्रॉसवर की इन-हँडवर? पीएफ माझाच आहे, पण हातात नाही. त्याचा दशांश आत्ता, की साठाव्या वर्षी? कंपनीच्या वाट्याच्या पीएफचं काय? बोनसवर टॅक्स कापल्यानंतर की आधी? टॅक्स रिफंड आला तर ती कमाई, की माझेच परत आलेले पैसे? नव्या टॅक्स रेजीममध्ये देणगीवर 80जीची सवलत नाही, त्यामुळे दिल्याने काही वाचतं हा भ्रमही नव्हता. पाळकसाहेबांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "तुला आशीर्वाद ग्रॉसवर हवाय की नेटवर?" हा जोक जगभरचे पाळक मारतात हे मला नंतर यूट्यूबवर कळलं. शेवटी मी इन-हँड धरला आणि वर शंभराच्या पटीत राउंड-अप केलं. माझ्या दृष्टीने हे उदारपणाचं काम होतं.

मग कुतूहल म्हणून मूळ स्पेसिफिकेशन वाचायला घेतलं. पुलपिटवरून बहुतेकदा मलाखीचा तिसरा अध्याय येतो: दशांश भांडारात आणा, मग देव आकाशाच्या खिडक्या उघडेल. पण त्याच्या कितीतरी आधीचा अनुवादाचा चौदावा अध्याय मी आयुष्यात एकदाही प्रवचनात ऐकला नव्हता. तिथे दशांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आहे. तो घेऊन पवित्रस्थानी जायचं आणि कुटुंबासकट तिथे खायचा! अंतर लांब असेल तर माल विकून पैसे गाठीला बांधायचे आणि तिथे पोचल्यावर मनाला येईल ते विकत घेऊन मेजवानी करायची. आणि दर तिसऱ्या वर्षी तो दशांश आपल्याच गावात ठेवायचा. ज्यांना जमिनीत वाटा नाही अशा लेव्यांसाठी, परक्यांसाठी, अनाथांसाठी, विधवांसाठी. ही टक्केवारी पगारावरची नव्हतीच. शेत, खळं, कळप यांच्यावरची होती, आणि तिच्यात शेजारची पोटं मोजलेली होती. नव्या करारात तर पौल करिंथकरांना टक्केवारी सांगतच नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नाही, एवढंच म्हणतो.

मरोळ गावठाणातला एक ईस्ट इंडियन मित्र माझ्या ऑफिसात आहे. ते कॅथलिक, त्यांच्यात दशांशाचा एवढा आग्रह नसतो. पण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांचा आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. मी विचारलं, "अंधेरीत भात कुठे पिकतं आता?" तो म्हणाला, "कुठेच नाही. लोंब्या बाहेरून आणतो." शेतावर इमारती उभ्या राहिल्या, पण लोंब्या न्यायचं थांबलं नाही. मला वाटलं, माझं ऑटो-ट्रान्सफर तरी दुसरं काय आहे? पीक कुठलं, शेत कुणाचं, हे न बघता बाहेरून आणलेली लोंबी.

हे असं सुचतं तेव्हा आपण फार खोल विचार केला असं वाटतं. पण तोपर्यंत मी जे करायचं ते करून बसले होते.

फेब्रुवारी 2023मध्ये आत्याचा फोन आला होता, नगरवरून. पप्पांची मोठी बहीण. मामांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, चाळीस हजार कमी पडत होते. "दिवाळीनंतर देते गं बाई परत," म्हणाली. तेव्हा माझा इन-हँड 92,000 होता. मुलुंडच्या वन बीएचकेचा हप्ता 38,000, एसआयपी 20,000, दशांश 9,200. शिवाय एक वेगळं खातं होतं, ज्यात मैत्रिणींबरोबर बालीला जायचे पैसे साठत होते. त्यात 45,000 होते. मी आत्याला म्हटलं, "या महिन्याचं सगळं जिथल्या तिथे गेलंय गं आत्या, बघते पुढच्या महिन्यात." ती म्हणाली, "असू दे, असू दे," आणि मम्मीच्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवला.

मला अजिबात वाईट वाटलं नाही. हे लिहायला कठीण जातंय, पण खरं आहे. देवाचं 1 तारखेला दिलं होतं, तेही राउंड-अप करून. उरलेलं माझं होतं.

पुढच्या वर्षी मम्मीच्या बँकेत नॉमिनीचं नाव बदलायचं होतं म्हणून तिची कागदपत्रं काढली. त्यात तिच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. शंभर पानी, लांबट, किराणावाले वापरतात तशा. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर एकच शब्द: 'कारभार'. जमाखर्च नाही, हिशेब नाही, कारभार. चाळता चाळता जुलै 2015चं पान आलं, माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचा महिना. जमेच्या बाजूला लिहिलेलं: 'वन्सं – 25,000 (शेळ्या विकून)'. आणि शेवटच्या वहीत, फेब्रुवारी 2023, खर्चाच्या बाजूला: 'वन्सं – 40,000 (एफडी मोडली)'.

मम्मी स्वयंपाकघरात होती. मी वही घेऊन दारात उभी राहिले. तिने एकदा वहीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कढीला फोडणी दिली. आम्ही त्यावर बोललो नाही. बालीचे फोटो तोवर फ्रिजवर लागलेले होते.

मार्कच्या सातव्या अध्यायात एक शब्द आहे, कुर्बान. मराठी बायबलमध्येही तसाच ठेवलाय. तेव्हाच्या धार्मिक लोकांची एक पळवाट होती. आपल्याकडची वस्तू 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेली आहे असं जाहीर केलं की ती आईबापांना द्यायची गरज उरत नसे. येशू त्यांच्यावर उखडतो. मत्तयमध्ये तो पुदिना, बडीशेप, जिऱ्याचासुद्धा दशांश मोजणाऱ्या परूश्यांना सुनावतो, की न्याय आणि दया तेवढी सोडून दिलीत. जिरं मोजू नका असं तो म्हणत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. ते करा आणि हेही सोडू नका, असं त्याचं म्हणणं आहे. माझी शीट म्हणजे जिऱ्याचीच शीट होती. आणि मी कुर्बान म्हटलं नव्हतं, 'जिथल्या तिथे गेलंय' म्हटलं होतं, एवढाच फरक.

बायबलमध्ये माणसाच्या मिळकतीबद्दल जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तो मम्मीच्या वहीवरचाच. कारभारी. आपल्याकडे शेतावर बायको नवऱ्याला कारभारी म्हणते, लावणीतही म्हणते. पेशवाईत बारभाई कारभारी होते. पण कारभारी म्हणजे मालक नव्हे. दुसऱ्याचं सांभाळणारा, मालकाने विचारलं की वही उघडून दाखवणारा. मी दहा टक्क्यांना देवाचे म्हणत होते आणि नव्वदची मालकीण झाले होते. मम्मीच्या वहीत दशांश फक्त पहिली ओळ असायची, आणि खाली गहू, गॅस, वन्सं, शेजारच्या मुलाची वह्या-पुस्तकं सगळं त्याच एका शब्दाखाली.

नारायण वामन टिळकांनी 1917मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडला, पुढे 'देवाचा दरबार' सुरू केला. आमच्या मंडळ्यांमध्ये ही गोष्ट फार आदराने सांगतात. पण त्याआधीपासून टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि संसार लक्ष्मीबाई ओढत होत्या, हे त्यांचं 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही माहीत आहे. देणाऱ्याचं नाव होतं. घर सांभाळून वर आल्या-गेल्याला जेवायला घालणारीला विश्वासू कारभारीण म्हणून पुलपिटवरून कुणी हाक मारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आणि हो, पैसे घेणाऱ्यांनाही हेच लागू होतं. मिशनच्या जुन्या जमिनींचे खटले महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालू आहेत, ते काही विधवांच्या दमड्यांवरून नाहीत. आमच्या वार्षिक सभेत खजिनदार हिशेब वाचतात तेव्हा अर्धे लोक चहाकडे बघत असतात. गेल्या वर्षी मी हात वर करून विचारलं, गरिबांच्या फंडातला किती खर्च झाला आणि किती नुसता पडून आहे. थोडी शांतता झाली. मग आकडा सांगितला. बराचसा पडून होता. या वर्षी कमी पडून आहे.

आत्याकडे जायला मात्र मला वर्ष लागलं. फोनवर पैसे पाठवणं दोन मिनिटांचं काम होतं, तेच नको होतं. मार्चमध्ये कल्याणहून एसटी पकडली, मुरबाड, माळशेज, आळेफाटा करत दुपारी नगरला उतरले. मामा ओट्यावर बसून तूर निवडत होते, ऑपरेशन बरं झालेलं. आत्याने "सलाम, बाई" म्हणून तोंडावरून हात फिरवला आणि आधी जेवायला वाढलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठलं. जेवण झाल्यावर मी पाकीट पुढे केलं. पासष्ट हजार होते, पंचवीस आणि चाळीस. चाळीस मम्मीचे होते, ते तिला द्यायला हवेत हे मला कळत होतं. पण मम्मीने ते घेतले नव्हते. "माझ्या वहीत ते खर्च पडलेत, आता जमेला कशाला आणू?" म्हणाली होती.

मी पाठ करून नेलेलं सगळं बोलले. त्या फोनबद्दल, बालीबद्दल, शेळ्यांबद्दल. आत्या ऐकत होती की नाही कळत नव्हतं, ती नोटा मोजत होती. दोनदा मोजल्या. मग त्यातल्या तेरा नोटा बाजूला काढल्या, साडेसहा हजार, आणि खुंटीवरच्या पिशवीतून बायबल काढून त्यात सरकवल्या.

"आत्या, अगं यावर मी दशांश दिलाय आधीच," मी म्हटलं. माझ्या डोक्यात इनपुट क्रेडिटसारखं काहीतरी चालू होतं.

"तुझा तू दिला असशील," ती म्हणाली. "आता हे माझ्याकडं आलंय ना?"

आणि उरलेल्यातले पाचशे तिने मामांच्या हातात दिले, म्हणाली, "जा, शेजारच्या सखूबाईचा गॅस संपलाय दोन दिवस झाले. हिला चहा टाकते तोवर या जाऊन."