मामाचा नेम

आमच्याकडे होळीच्या आसपास मोह पडायला लागतो. रात्रभर फुलं टपटप गळतात आणि पहाटे झाडाखाली पिवळा सडा पडलेला असतो. ऊन वर आलं की फुलं सुकतात, गुरं-वानरं येतात, म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन डोंगराकडे निघतात. अस्वलही त्याच वेळी त्याच झाडाखाली येतं. मोहाचं त्याला भारी वेड. सातपुड्याच्या पायथ्याच्या आम्हा लोकांना हे नवीन नाही.

मागच्या वर्षी पारावर अशाच गोष्टी निघाल्या होत्या. आमच्यातला एक म्हातारा पोरांना सांगत होता, "दुष्काळाच्या साली एका बारेल्यानं अस्वलावर तीर मारला. नेम चुकला अन् हात गेला. मोठा तीरंदाज म्हनवत होता!" पोरं हसली. मी काही न बोलता उठून घरी आलो. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. कारण त्या तीराची खरी गोष्ट पारावर बसलेल्यांपैकी मला एकट्यालाच माहीत होती.

त्या बारेल्याला मी मामा म्हणायचो. नात्याचा नव्हता. वर डोंगरात त्याची सात-आठ झोपड्यांची वस्ती होती. कापूस वेचायला ते लोक खाली आमच्या शेतात यायचे, येताना मध नाहीतर चारोळी आणायचे, जाताना ज्वारी न्यायचे. मी शाळा बुडवून बकऱ्या घेऊन वर जायचो ते मामाच्या तीरकामठ्यासाठी. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूचीच, सालीची लांब चीप काढून तासलेली. तीराला बोरू, मागं पिसं, पुढं लोखंडी पातं. मामा तीर ओढायचा तो पहिल्या दोन बोटांच्या मधे धरून. अंगठा लावायचा नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "एकलव्यानं देला ना, मंग आमी कसा लावू?"

मामानं मला शिकवलं ते नुसतं मारायला नाही. तो म्हणायचा, तीर वीस पावलांच्या पुढं मारायचा नाही. लांबून मारला तर जनावर मरत नाही, नुसतं दुखतं. डोंगरात वारा कसा वागतो तेही त्यानंच दाखवलं. पहाटे थंड हवा वरून खाली उतरते, ऊन तापलं की तीच खालून वर चढते. अस्वलाला नीट दिसत नाही, पण नाक असं की वाऱ्यावर माणूस आला की त्याला कळलंच. उतारावरून खाली मारायचं असलं तर तीर वर लागतो, म्हणून नजर खाली धरायची. आणि अस्वलाच्या अंगावर वीतभर केस असतात. दिसतं तेवढं ते नसतं. "काळं दिसते ते समदं अस्वल नाही," मामा म्हणायचा, "अर्धं निरे केसंच रायतात. ते आडवं झालं, पुढचा पाय पुढं टाकला, की पायाच्या मागं मारायचं. तोंडाकून कधी मारायचं नाही."

हे सगळं मला पाठ होतं. तरी वेळेवर एकही आठवलं नाही.

1972 साली पाऊस गेला. ज्वारीत दाणा भरला नाही. बाबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनची लाल मिलो खाऊन पोट दुखायचं, लहान पोरांना सुकडी मिळायची. त्या उन्हाळ्यात मोह म्हणजे काही हौस नव्हती. वाळवून, भाजून, पिठात मिसळून लोक खात होते. रोज पहाटे अख्ख्या गावच्या बाया डोंगरात. तिकडे जंगलातही पाणी नव्हतं, खायला नव्हतं. अस्वलंही खाली सरकली होती.

एका पहाटे माझी काकू मोहाखाली वाकलेली असताना अस्वलानं तिला धरलं. अस्वल तोंडावरच येतं. तिचा एक डोळा गेला, कपाळावरची कातडी लोंबत होती. बैलगाडीत टाकून दवाखान्यात नेली, ती वाचली. पण दुसऱ्या दिवसापासून बाया डोंगरात जाईनात. आणि गेल्याशिवाय तर चूल पेटत नव्हती.

तेव्हा गावातल्या चार जणांनी मामाला बोलावलं. दोन पायली ज्वारी ठरली. वन्यजीवांचा कायदा 1972 सालीच झाला होता, पण आमच्या गावात त्याचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं. आज अस्वल मारणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच पाहिजे. तेव्हाचं मी तेव्हाचं म्हणून सांगतो.

मी चौदा वर्षांचा होतो. मामासोबत पाण्याचा भोपळा घेऊन जायची परवानगी बाबांनी दिली होती. तेवढीच. पण मी माझा छोटा कामठा आणि तीन तीर आदल्या संध्याकाळीच वरच्या वाटेवर झुडपात लपवून ठेवले होते. मामानं पहाटे ते पाहिलं. म्हणाला, "ठिव जोळ. पन मी सांगतल्याबिगर हात नको लावू."

मोहाचं झाड एका ओघळीत होतं. अस्वल वरच्या कपारीतून उतरणार, म्हणून आम्ही ओघळीच्या अलीकडच्या दरडीवर, झाडापेक्षा जरा उंच, एका दगडाआड बसलो. वारा वरून खाली जात होता, आमचा वास त्याच्याकडे जात नव्हता. मामा कानाशी म्हणाला, "दिवस निंगेपावतर. मंग वारा पलटीन, मंग उठा लागन."

उजाडता उजाडता ते आलं. आधी आवाज आला, दगड सरकल्याचा, मग नाकानं फुरफुर केल्याचा. मग झाडाखाली एक काळा गोळा. मान खाली घालून ते फुलं ओढत होतं. तोंड आमच्याकडे. मामानं कामठा उचलला आणि तसाच धरून राहिला. अस्वल आडवं होईना. मी मामाकडे पाहत होतो, मामा हलत नव्हता. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर ऊन आलं, खाली खाली यायला लागलं. मला मानेवरचा वारा थांबल्यासारखा वाटला. आता पलटणार, ते जाणार, उद्या पुन्हा कोणाची तरी आई याच झाडाखाली येणार, असं काहीतरी डोक्यात आलं. खरं सांगायचं तर तेही नसेल. मला मारायचं होतं. काकूच्या डोळ्याचा बदला मी घेतला असं गावानं म्हणावं असं वाटत होतं.

माझा तीर सुटला तेव्हा मामाचा कामठा ताणलेलाच होता.

तीर उंच लागला, मानेच्या मागं, खांद्यावर. अस्वल असं ओरडलं की अजून ऐकू येतं. गोल फिरलं, स्वतःच्याच खांद्याला चावलं आणि पलीकडच्या चढावर सालईच्या झाडांत नाहीसं झालं.

मामा मला रागावला नाही. कामठा उतरवला, बिडी पेटवली. ती संपल्यावर दुसरी पेटवली. लगेच मागं गेलं की जखमी जनावर पळत राहतं, थांबलं तर ते बसतं आणि अंग धरतं, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. मी रडत म्हणालो, "मामा, जाऊ द्या ना. घरी जाऊ."

"असं नाही जाता येत," तो म्हणाला. "आतालोक ते भीत होतं. आता ते दुखते. उद्या इथं येईन त्या बाईले ते सोडीन का?"

मग आम्ही माग काढत चढलो. तो डोंगर उभा आहे. वर मुरूम, त्यावर सालईची वाळलेली पानं, पाय टाकला की हातभर मागं येतो. रक्त दिसतच नव्हतं. एवढ्या केसांत ते मुरून जातं. मामा दगड पाहत होता. उलटलेल्या दगडाची मातीची बाजू वर दिसली की तिकडे जायचा. एका धावड्याच्या पांढऱ्या खोडावर, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, एक लाल पट्टा होता. तेवढंच रक्त अर्ध्या दिवसात पाहिलं.

दुपारी वारा खालून वर वाहायला लागला. सरळ मागावर चढलो असतो तर वास आमच्या आधी पोचला असता. म्हणून मामानं लांबचा फेर घेतला, आम्ही माथ्यावर जाऊन वरून उतरायला लागलो. मला त्यानं एका दगडावर बसवलं आणि म्हणाला, "इथून हालशीन तं पाय तोडीन." तो एका कड्यावरून खाली उतरला. अस्वल त्याच कड्याच्या पोटात, कपारीत बसलेलं होतं. वरून ते दिसणं शक्यच नव्हतं. मामाचा पाय खाली टेकला आणि ते बाहेर आलं.

हाताच्या अंतरावर कामठ्याचा उपयोग नाही. मामानं डावा हात तोंडापुढं आडवा धरला. तोंड वाचलं, हात गेला. मी वरून दगड टाकत होतो, ओरडत होतो, काय ओरडत होतो आठवत नाही. मामानं उजव्या हातानं कुऱ्हाड दोनदा मारली. अस्वल मागं सरलं, कोसळलं आणि उतारावरून घरंगळत नाल्यात पडलं. पुन्हा उठलं नाही.

मी खाली गेलो तेव्हा मामा दगडाला टेकून बसला होता. पटका हाताला गुंडाळलेला, तो लाल झालेला. त्यानं पहिली गोष्ट सांगितली ती ही, "नाल्यात जाय अन् तीर उपटून आन."

मी गेलो. मेलेलं अस्वल जवळून पाहिलं. छातीवर पांढुरका पट्टा, बोटभर लांब नखं, तोंडाला मोहाचा वास. काकूला धरणारं तेच, की दुसरंच, हे ओळखायला काहीच नव्हतं. तीर ओढून आणला. मामानं तो कमरेला खोचला आणि म्हणाला, "गावात इचारतीन तं सांगजो, तीर मामाचा होता. तुहा नाही."

"काहून?"

"तुहा बाप मले मारीन. पोराले कामठा देला म्हनून. मंग तुमच्यात अन् आमच्यात भांडन. कापसाचं काम जाईन." मग जरा थांबून म्हणाला, "अन् तू ल्हान हायेस."

त्याचा हात बरा झाला, पण बोटं कधी मिटली नाहीत. कामठा धरतात तो डावाच हात. त्यानं पुन्हा तीर मारला नाही. गावानं ज्वारी दिली, आणि ज्वारीसोबत एक गोष्टही केली की मामाचा नेम चुकला. कापूस वेचायला आला की पोरं त्याला "ए नेमबाज" म्हणून चिडवायची. मी खाली मान घालून ओळ वेचत राहायचो. मामा माझ्याकडे पाहायचाही नाही, मला अवघड होऊ नये म्हणून.

मी मोठा झालो, शेत माझ्या हातात आलं. दर दिवाळीला मामाच्या घरी ज्वारी आणि गूळ पोचवत राहिलो. एकदा धीर करून विषय काढला, "मामा, तो तीर..." मामा म्हणाला, "बकऱ्या पाह्य, वावरात चालल्या." बकऱ्या तर दावणीला होत्या.

1997 साली आमच्या भागात अंबाबरवा अभयारण्य झालं. अस्वलं अजून आहेत, मोह अजून पडतो. मी बायांना सांगत असतो, चांगलं दिसायला लागल्यावर जा, एकटं जाऊ नका, बोलत जा, डबे वाजवत जा. खाताना अस्वलाचं लक्ष नसतं, अचानक जवळ माणूस दिसला की घाबरून अंगावर येतं. आधी चाहूल लागली तर बहुतेक वेळा तेच निघून जातं. हेही मामाचंच शिकवणं.

मामा गेला त्याला काही वर्षं झाली. मी भेटायला गेलो तेव्हा मामीनं कोपऱ्यातल्या गाडग्यातून एक पातं काढून माझ्या हातात दिलं. रुंद, एका बाजूचा काटा मोडलेलं. आमच्या गावच्या लोहाराकडून जुन्या विळ्याचं मी करवून घेतलेलं. मामा स्वतःची पाती बारीक, पानासारखी करायचा.

"त्या राती त्यानं तीर चुलीत टाकला," मामी म्हणाली. "लाकूड जयलं. लोखंड कुठं जयते?"

"मामानं सांगितलं होतं?"

"नाही. तो बोलला नाही तं म्या काहून बोलू? तू बोलशीन म्हनून वाट पाहत होती."

त्यावरही मी बोललो नाही. पातं घरी आणून देवळीत ठेवलं आणि गप्प राहिलो. पारावरची पोरं हसली त्या रात्री मात्र ते पातं काढून हातात घेतलं आणि सकाळी पारावर गेलो. तोच म्हातारा होता, चार पोरं होती. पातं मधे ठेवून सगळं सांगितलं. मामाचा नेम चुकला नव्हता. त्या दिवशी त्याचा तीर सुटलाच नव्हता. चुकला तो माझा.

कोणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं पातं उचलून उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "पन्नास वर्स काहून थांबला रे?"

त्याला मी काही उत्तर देऊ शकलो नाही.