सही कोणाची?

परवा एका कचेरीत माझा अर्ज नामंजूर झाला. "का हो?" मी विचारले.

"संगणकच घेत नाही, आजोबा," टेबलामागचा मुलगा अदबीने म्हणाला.

१९७० साली आमच्या पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आली. त्या काळी नकाराखाली सही असे. सहीच्या धन्याशी भांडता येई, पुढे चहाही घेता येई. यंत्राशी कसे भांडावे?

तिकडे हॉलंडात करखात्याने यंत्राच्या साहाय्याने हजारो निरपराध आईबापांना लबाड ठरवले. २०२१ साली त्यापायी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. यंत्र मात्र राजीनामा देत नाही!

"बाळ, हा नकार लिहून खाली तुझी सही दे," मी म्हटले.

त्याने पेन उचलले, थबकला, अर्ज पुन्हा वाचला आणि म्हणाला, "बसा, आजोबा."