परतीचे भाडे

लाभपंचमीच्या सकाळी जळगावच्या एका जुन्या अडत पेढीवर नव्या वह्या उघडल्या गेल्या. पूजन आटोपले, प्रसाद वाटला गेला, आणि मग मुंबईहून आलेल्या नातवाने आजोबांसमोर काही कागद ठेवले. मित्रांच्या एका कंपनीने आठ आसनांचे छोटे जेट विमान भाड्याच्या व्यवसायात आणले होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना त्यांच्याकडे होता. कंपनीला भागीदार हवा होता. रक्कम दोन कोटी. त्यासाठी वखार गहाण ठेवावी लागणार होती.

वखार आजोबांच्या वडिलांनी बांधलेली. तिच्या भाड्यावर घरातल्या विधवा आत्याचा खर्च चाले. त्यामुळे घरातील कोणी लगेच काही बोलले नाही. आजोबांनी कागद सावकाश वाचले आणि एकच प्रश्न विचारला, "बेटा, यात परतीचे भाडे कुठे लिहिले आहे?"

ज्या माणसाने पन्नास वर्षे केळीचे ट्रक दिल्लीला पाठवले, त्याला हा प्रश्न सुचणे स्वाभाविक होते. ट्रक माल घेऊन जातो तेव्हा त्याचे भाडे ठरते. पण गाडी रिकामी परत आली तर डिझेल, चालकाचा पगार आणि टायरची झीज कोणाच्या तरी माथी बसतेच. म्हणून ट्रकवाला जातानाचे भाडे सांगण्यापूर्वी येताना माल मिळेल का, याचा अंदाज घेतो. विमानाचे गणित याहून वेगळे नाही. फक्त आकडे मोठे आणि वेळ थोडा.

नातवाने हिशेब मांडला. समजा, विमानाचा सर्व खर्च, म्हणजे इंधन, देखभाल, वैमानिकांचे पगार, विमा आणि कर्जाचा हप्ता मिळून, ताशी दीड लाख रुपये आहे. मुंबई ते दिल्ली दोन तास. गिऱ्हाईक फक्त जाणार आहे. जाण्याचा खर्च तीन लाख; परंतु विमान मुंबईचे, ते परत आणावे लागणार, म्हणजे एकूण खर्च सहा लाख. दहा टक्के नफा धरला तर सहा लाख साठ हजार हवेत. एका बाजूच्या प्रवासाला दोन्ही बाजूंचे भाडे सांगितले तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. एकाच बाजूचे सांगितले तर प्रत्येक फेरीत घर फुटते.

"म्हणून मधला भाव," नातू म्हणाला. "परतीच्या रिकाम्या फेरीला कमी दरात गिऱ्हाईक मिळते. दोन लाख मिळाले तरी विमान येणारच होते, त्यामुळे ते जवळजवळ निव्वळ हाती राहतात. दहापैकी आठ फेऱ्यांना असे गिऱ्हाईक मिळेल असे आम्ही धरले आहे. सरासरीने प्रत्येक फेरीमागे एक लाख साठ हजार. ते वजा करून जाण्याचे भाडे पाच लाख."

"आठ हा आकडा कुठून आला?"

नातू थांबला. तो आकडा कोणत्याही वहीतून आलेला नव्हता. तो आशेतून आलेला होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून मागील फेऱ्यांची नोंद मागवली गेली. मुनीमजींनी एकेक ओळ खतावणीसारखी उतरवली. परतीला गिऱ्हाईक मिळाले होते दहापैकी चारच वेळा. कारणही नोंदीतच दिसत होते. लग्नसराईत सर्वांना एकाच दिवशी एकाच दिशेने जायचे असते. शुक्रवारी मुंबईहून उदयपूरला जाणारे पुष्कळ. त्याच संध्याकाळी उदयपूरहून मुंबईला येणारा कोण? आणि तीन दिवस विमान तिथेच थांबवावे, तर विमानतळावरील जागेचे भाडे व कर्मचाऱ्यांचा मुक्काम अंगावर पडतो, शिवाय त्या दिवसांतील दुसरी कामे हातची जातात.

मग मुनीमजींनी बेरीज केली. पाच लाखांच्या दराने दहा फेऱ्यांचे पन्नास लाख, परतीच्या चार फेऱ्यांचे आठ लाख. जमा अठ्ठावन्न लाख. खर्च साठ लाख. कागदावर नफा दिसत होता, वहीत दोन लाखांचा तोटा निघाला. तोच दर पाच लाख ऐंशी हजार ठेवला तर जमा सहासष्ट लाख, खर्च साठ, नफा सहा लाख. व्यवसाय तोच, विमान तेच, गिऱ्हाईकही तेच. फरक केवळ एका अंदाजाच्या प्रामाणिकपणाचा.

या व्यवसायात मोठी नावेही ठेचकाळली आहेत. अमेरिकेतील नेटजेट्स या कंपनीने 1986 मध्ये विमानाची मालकी अनेकांत विभागून देण्याची योजना आणली. तिचे गिऱ्हाईक साधारणतः स्वतः बसलेल्या तासांचेच पैसे देते. रिकाम्या फेऱ्यांचा भार कंपनी शेकडो विमानांवर पसरवते. एका शहरात मोकळे झालेले विमान जवळच्या दुसऱ्या शहरातील गिऱ्हाइकाकडे वळवता येते, घरी परतण्याची सक्ती नसते. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने 1998 मध्ये ही कंपनी सुमारे 72.5 कोटी डॉलरना घेतली. तरीही मंदीच्या 2009 या वर्षात तिला 71.1 कोटी डॉलरचा करपूर्व तोटा झाला. त्यातील मोठा भाग मागणीपेक्षा जास्त झालेल्या विमानांचे मूल्य उतरवण्यात गेला. ताफा मोठा असूनही ही अवस्था. एकाच विमानाच्या मालकाने तर परतीची फेरी दुप्पट सावधपणे मोजली पाहिजे.

हिशेब जुळला, तरी आजोबांच्या मनातील दुसरा प्रश्न उरलाच होता. "समजा, एखाद्याने नाइलाजाने दोन्ही बाजूंचे पूर्ण सहा लाख साठ हजार दिले. आजारी माणसाला न्यायचे आहे, तो घासाघीस कशी करणार? आणि परतीला तुम्हांला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. ते दोन लाख कोणाचे?"

"कंपनीचे, दादाजी. विमान आमचे, धोका आमचा."

"धोका तुमचा कसा? परतीचे पैसे त्याने आधीच भरले आहेत. धोका त्याने उचलला, लाभ तुम्ही घेतला."

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापाने देणे-घेणे सांगितले आहे. माप म्हणजे केवळ तराजू नव्हे; दराच्या कागदावर जे दडवले जाते, तेही मापच. नातवाने त्या रात्री दराचा कागद नव्याने लिहिला. गिऱ्हाइकापुढे दोन पर्याय ठेवायचे. पहिला, पाच लाख ऐंशी हजारांचे निश्चित भाडे. परतीला गिऱ्हाईक मिळो वा न मिळो, धोका कंपनीचा. दुसरा, सहा लाख साठ हजार. परतीची फेरी विकली गेली तर आलेले पैसे गिऱ्हाइकाला परत, फक्त ठरलेली दलाली वजा करून. दलाली सोडली तर सरासरीने दोन्ही सारखेच पडतात. धोका कोण घेतो, एवढे मात्र उघडपणे लिहिलेले असते. मित्रांनी प्रथम कुरकुर केली; परंतु नोंदीतील चार हा आकडा पाहिल्यावर त्यांनाही ते मान्य झाले. परतीची फेरी फार स्वस्तात विकायची नाही, हेही ठरले. नाहीतर पूर्ण भाडे देणारे गिऱ्हाईकही स्वस्त फेरीची वाट पाहत बसते.

शेवटी वखार गहाण पडली नाही. पेढीच्या शिलकीतून पंचवीस लाख देण्याचे ठरले, बुडाले तरी आत्याच्या महिन्याला धक्का लागणार नाही इतकेच. नातवाला वाईट वाटले, पण त्याने ते बोलून दाखवले नाही. जाताना त्याने आजोबांना नमस्कार केला, तेव्हा ते म्हणाले, "दर तीन महिन्यांनी वही घेऊन ये. किती फेऱ्या गेल्या ते सांगू नकोस. किती रिकाम्या आल्या ते सांग."

नव्या वहीत मुनीमजींनी त्याच दिवशी एक वेगळा रकाना आखला. त्याचे शीर्षक होते, 'परत'.