मागचीं चाकें

यंत्रांशीं माझें सख्य कधींच जमलें नाहीं. सायकलची साखळी उतरली तर ती बसविण्याच्या भानगडींत न पडतां सायकल हातीं धरून घरीं चालत येणें मीं आजवर पसंत केलें आहे. ज्या माणसानें उभा जन्म मुलांना शेक्सपिअर शिकविण्यांत घालविला, त्याला पन्नाशी उलटल्यावर एका जुन्या मोटारीच्या पोटाखालीं उताणें पडून पाना धरावा लागेल, असें कोणा ज्योतिष्यानें सांगितलें असतें तर मीं त्याला दिलेली दक्षिणा परत मागितली असती. पण २०१९ च्या उन्हाळ्याच्या सुटींत तो योग आला; आणि तोहि परमुलखांत, इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरीं, माझ्या धाकट्या भावाच्या घरामागील शेडमध्यें.

तेथें मी मोटारीसाठीं गेलों नव्हतों. माझ्या कोटाच्या आंतल्या खिशांत वाटणीपत्राचा मसुदा होता. वाईचा आमचा वडिलोपार्जित वाडा दोघांच्या नांवें आहे. पावसाळ्यापूर्वीं कौलें शाकारून घ्यावयाचीं तीं मीं, भिंत फुगली म्हणजे पुण्याहून धांवत जावयाचें तेंहि मीं. खर्चाचा आंकडा कळविला कीं भाऊ पैसे पाठवी, नाहीं असें नाहीं; पण त्या पैशांबरोबर चार प्रश्नहि येत. एका वर्षीं त्यांतल्या एका प्रश्नाला माझ्याकडून जरा तिखट उत्तर गेलें. तेव्हांपासून आमचें फोनवरचें बोलणें हवापाण्यापलीकडे जाईनासें झालें होतें. ज्याचें त्यानें पाहावें, असा निश्चय करूनच मी विमानांत बसलों.

पहिल्याच सकाळीं भावानें मला शेडमध्यें नेलें. तेथें लोखंडी घोड्यांवर चढविलेली १९६४ सालची जॅग्वार मार्क टू उभी होती. आणि शेजारीं जमिनीवर, मोडींत निघालेल्या एका एस-टाइप गाडीचा मागचा भाग पडला होता. पोलादी पत्र्याचा एक पिंजरा, त्यांत मधोमध डिफरन्शियलचा गोळा, दोन्ही अंगांना पसरलेले हात आणि चार गुंडाळी स्प्रिंगा.

"दादा, जुना आंस काढायचा आणि हें बसवायचें. तुझ्या सुटींत होईल," तो म्हणाला. मदत करशील का, असें विचारण्याची त्याला गरज वाटली नाहीं. लहानपणीं पतंगाची फिरकीहि तो मला, थोरल्याला, असाच धरावयास लावी.

मला समजलें तें असें. मार्क टूचीं मागचीं दोन चाकें एका अखंड आंसाच्या दोन टोकांना असतात, अगदीं आपल्या बैलगाडीसारखीं. डावें चाक खड्ड्यांत गेलें कीं उजवेंहि कलतें. आणि डिफरन्शियलचा जड गोळा आंसाच्या मध्यावरच असल्यामुळें प्रत्येक धक्क्याबरोबर तें सारें वजन खालींवर उडतें. पोलादी पाट्यांच्या कमानी तें कसेंतरी सांवरून धरतात. एस-टाइपच्या रचनेंत तो गोळा पिंजऱ्यांत घट्ट बसविलेला असतो. त्यांतून दोन्हीकडे सांध्यांचे दोन दांडे निघतात, आणि प्रत्येक चाक आपापल्या स्प्रिंगांवर वेगळें झुलतें. खड्डा ज्याचा त्याला! हें ऐकतांना माझा हात नकळत कोटाच्या खिशाकडे गेला. इतका सोयीचा दृष्टान्त मला वर्गांतहि कधीं सांपडला नव्हता.

ही रचना जॅग्वारचे इंजिनियर बॉब नाइट यांची. महिन्याभरांत ती उभी होणार नाहीं, अशी पांच पौंडांची पैज कंपनीचे धनी विल्यम लायन्स यांनीं लावली होती व नाइटनीं ती जिंकली, असें सांगतात. १९६१ सालीं ई-टाइपबरोबर ती जगापुढें आली, आणि १९६३ सालीं मार्क टूवरच बेतलेल्या एस-टाइपला कंपनीनें ती दिली. "कारखान्यानें केलें तेंच मी करतों आहें," हा भावाचा बचाव.

शेजारच्या एका वृद्ध फिटरला तो मान्य नव्हता. २००८ सालीं जॅग्वार टाटांची झाल्यापासून पुण्याचा माणूस म्हणजे धन्याच्या मुलखांतला माणूस, अशी या गृहस्थांची समजूत होती. माझ्या अज्ञानानें त्यांची फार निराशा केली. त्यांचें म्हणणें, आंस काढला कीं ती मार्क टू राहिली नाहीं. कायदाहि थोडासा त्यांच्याच बाजूला होता. २०१८ पासून तेथें चाळीस वर्षांवरील गाड्यांना वार्षिक तपासणीची माफी मिळाली, पण गाडींत भारी फेरफार झालेला नसावा अशी अट घालून. भाऊ म्हणे, "मी दर वर्षी तपासून घेईन. मला काय भीति?" माझा कल त्या वृद्धाकडे होता. मूळ संहितेंत प्रक्षेप घुसडणाऱ्या संपादकाचा मला नेहमींच राग येतो. एका जुन्या वाड्याचे दोन तुकडे करण्याचा कागद खिशांत बाळगून मी हें म्हणत होतों, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

जुना आंस उतरविण्यांतच चार दिवस गेले. गंजलेले बोल्ट रात्रभर तेलांत मुरवावे लागत. आंस आडवा सरकूं नये म्हणून जो दांडा गाडीच्या अंगाला जोडलेला असतो, त्याच्या मुळाशीं पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. नवा पिंजराहि आयता थोडाच बसतो! तळाचा पत्रा कापा, नव्या पट्ट्या जोडा, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याची लांबी बदला, हातब्रेकची तार नवी घ्या. या रचनेंत मागचे ब्रेक चाकांजवळ नसून डिफरन्शियलला बिलगून असतात. त्यामुळें उडणारें वजन आणखी घटतें हें खरें, पण डिफरन्शियलचें तेल पाझरलें तर तें नेमकें ब्रेकांवर! हें ऐकल्यावर बॉब नाइटविषयींचा माझा आदर किंचित् कमी झाला.

एका दुपारीं आम्ही दोघे गाडीखालीं पडलों होतों. पिंजरा वर चढवून त्याचीं रबरी बैठकें आवळण्याचें काम चाललें होतें. माझ्याकडे न पाहतां भाऊ म्हणाला, "दादा, कागद केव्हां काढणार आहेस?"

"कसला कागद?"

"वहिनींनीं फोनवर सांगितलें."

गाडीखालीं पडलेल्या माणसाला रागानें उठून जातां येत नाहीं, ही एक मोठीच सोय आहे. मीं मसुदा सांगितला. मधल्या चौकांतून रेघ, पूर्वेकडचें माझें, पश्चिमेकडचें त्याचें, आणि ज्याच्या त्याच्या छपराची डागडुजी ज्यानें त्यानें करावी. तो बराच वेळ नट फिरवीत राहिला.

"खोल्या वेगळ्या कर. परसूं वाटून घे. पण वाड्याला आढें एकच आहे, दादा. तें कोठें तोडशील?"

वीस वर्षें त्या आढ्याखालीं उभा राहून मीं गवंड्यांना सूचना दिल्या होत्या; तें पूर्वपश्चिम अखंड धांवतें हें मला दिसत होतें. मसुद्यांत तें कोठेंच नव्हतें.

"हा पिंजरा काढला," वरच्या पत्र्यावर बोट ठोकून तो म्हणाला, "तर हीं तुझीं स्वतंत्र चाकें इथल्या इथें फतकल मारतील." मग थोड्या वेळानें: "आणि ते प्रश्न मी पैशांसाठीं विचारीत नव्हतों. भिंत फुगली म्हणून तूं कळवायचास. कोणती भिंत, तें मला इकडे बसून दिसायचें नाहीं."

मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. पाना त्याच्या हातीं दिला. तो नेमका चुकीच्या मापाचा निघाला.

पांचव्या आठवड्यांत गाडी रस्त्यावर आली. चाकांचा कल बरोबर बसावा म्हणून दांड्याच्या मुळाशीं पातळ चकत्या घालाव्या लागतात. त्या घालण्याकाढण्यांत दोन दिवस गेले. फिटरमहाशय पुढें बसले, मी मागें उजवीकडे. गांवाबाहेरच्या एका उखडलेल्या रस्त्यावर भावानें डावें चाक मुद्दाम खड्ड्यांत घातलें. धक्का आला, पण दुरून आल्यासारखा. फिटरमहाशय कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं त्याला गाडी वळवून पुन्हां त्याच खड्ड्यांतून न्यावयास सांगितलें.

काढलेला आंस भावानें भंगारांत दिला नाहीं. त्याला ग्रीस चोपडून, पोत्यांत गुंडाळून आम्ही दोघांनीं तो उचलला आणि शेडच्या कोपऱ्यांत ठेवला. भलताच जड होता. त्या रात्रीं जेवणाच्या मेजावर मसुदा उघडून त्याच्या समासांत मीं आढें, छप्पर आणि चौकांतली विहीर हीं सामाईक लिहिलीं, आणि त्यांच्या खर्चाचें खातें दोघांच्या नांवें. भावानें सही केली. पुण्यास आमच्या वकिलांनीं तो कागद उजेडाकडे धरून पाहिला, खालच्या कोपऱ्यांतल्या काळ्या अंगठ्याकडे बोट दाखविलें, आणि हा साक्षीदार कोण म्हणून विचारलें.