चिकाचा रंग

बैलगाडीला आतला रंग नसायचा. गाडीत कडबा टाकला, वर गोधडी अंथरली की झालं. शेतातून येणारा अंगावरची माती घेऊन चढायचा, लग्नाला जाणारा परीटघडीच्या कपड्यात चढायचा. गाडीला दोघं सारखेच.

मोटारीचं तसं नाही. २००३ साली एका व्यापाऱ्याची जुनी ॲम्बॅसिडर मी घेतली. आतलं सगळं मलईच्या रंगाचं: गाद्या, दरवाज्यांच्या आतल्या बाजू, छतसुद्धा. पोरं हरखली. आईनं मात्र डोकावून पाहिलं नि म्हणाली, "हाई ते दवाखानाना मायक दिखस रे भाऊ!"

आमचं शेत चोपडा तालुक्यात, तापीकाठी. पीक केळीचं. केळीत राबलेल्या माणसाला चीक काय ते सांगायला नको. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा गळतो. कपड्यावर पडला तरी तेव्हा दिसत नाही. वाळला की तांबूस, मग तपकिरी, मग काळपट. आमच्या घरी सगळे उपाय करून झाले. डाग कपड्याबरोबरच जातो. पुढं २०१६ साली जळगावच्या केळीला जीआय मानांकन मिळालं, तेव्हा गावात कौतुक झालं. मला आधी दोरीवर वाळत घातलेले आमचे सदरे आठवले.

नाना आमचे सालदार. वयानं माझ्यापेक्षा मोठे. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्यांना धुळ्याला न्यायचं होतं. धुतलेले कपडे घालून आले, पण धुतलेल्या पायजम्यावरही चिकाचे डाग होतेच. गाडीत चढले, गादीवर रुमाल पसरला नि कडेला टेकले.

"नाना, मागं टेका ना."

"मना कपडास्ले चीक शे, भाऊ. गादी खराब व्हई जाई."

वाळलेला चीक लागत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक. मान हलवली, पण हलले नाहीत. अमळनेरमार्गे धुळ्यापर्यंत तसेच. परतताना डोळ्याला पट्टी, एका हातानं पुढची गादी धरलेली, तरी तसेच.

दुसऱ्या आठवड्यात मी गाडी जळगावला कुशनवाल्याकडे नेली. त्यानं दोन रस्ते सांगितले. एक, आहे त्याच रेक्झिनवर रंगाचा फवारा. खर्च कमी, पण आधी तेलकटपणा नि पॉलिश पार काढावं लागतं, पातळ पातळ हात द्यावे लागतात. दरवाज्यांना ते चालतं. गादीवर माणूस बसतो-उठतो, घडीला रंग तडकतो. तिथं नवं रेक्झिनच बरं.

"रंग? काळा टाकू? सगळे तोच घेतात."

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीतलं काळं रेक्झिन म्हणजे तापलेला तवा. मी पिशवीतून जुना सदरा काढून त्याच्यापुढं ठेवला. "हा डाग आहे ना, हा रंग द्या."

तो हसला. मग सदरा दाराशी उजेडात नेऊन एकेक रोल लावून पाहू लागला.

पोरगा कुरकुरला, "आप्पा, विकताना भाव येणार नाही."

"विकायची कोणाला आहे?"

बाहेरचा रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. आतल्या रंगाचं कोणी विचारत नाही. चार दिवसांत जुनी खोळ निघाली, आतला काथ्या बदलला, स्प्रिंगा कसल्या, वर तपकिरी रेक्झिन चढलं. छत तेवढं मलईचं ठेवलं. तिथवर कोणाचा चीक पोचत नाही नि आत उजेड राहतो.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी नानांनी दार उघडलं, गादीवरून हात फिरवला. रुमाल खांद्यावरच राहिला. अमळनेर मागं पडलं तेव्हा ते मागं टेकून घोरत होते.

आता नाना नाहीत. त्यांच्या बाजूची गादी थोडी दबली आहे. चिकाचे डागही असतील तिच्यावर. दिसत नाहीत.